दाराच्या चौकटीवरचा आकडा

अकलूजच्या घोडेबाजारातून घेतलेलं जनावर आपल्याकडे टेम्पोत चढवतात आणि निघतात. इकडे टेक्सासमध्ये घोड्यांचा ट्रेलर वेगळा, ओढणारा पिकअप वेगळा. सगळी गोम त्यांची जोडी जमवण्यात आहे.

इथल्या पिकअपच्या जाहिराती मला खटकतात. ‘पाच हजार किलो ओढतो’ हे ठळक छापतात. तो आकडा गाडीत ६८-६८ किलोची दोनच माणसं धरून काढलेला असतो. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो: माणसं आणि सामान मिळून किती किलो.

समजा तिथे ६८० आहे. दोन घोडे १,००० किलो, रिकामा ट्रेलर १,५००, खोगीर-गवत-पाणी २००. एकूण २,७००, म्हणजे जाहिरातीच्या निम्म्याहून थोडंच जास्त. पण त्यातला १० ते १५ टक्के भार पिकअपच्या मागच्या हुकावर यावाच लागतो, आणि तो त्या ६८० मध्येच मोजायचा. १२ टक्के धरले तर ३२४ किलो. चार माणसं ३००, हुकाचं सामान ४०. झाले ६६४! वीस लिटरचा पाण्याचा कॅन ठेवला की मर्यादा ओलांडली.

हुकावर भार कमी पडला तर ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे झुलतो. जास्त झाला तर पुढची चाकं हलकी होतात. गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढताना चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं, तेच हे. आपल्या ट्रॅक्टरवाल्याला ते स्टिकर न वाचता कळतं, त्याच्या हाताला तोड नाही. पण ऊस जागचा हलत नाही. ब्रेक लागला की घोडा पाय रोवतो आणि भार सरकतो. म्हणून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत, आणि कारखान्यावर उसाची गाडी घेतात तशी भरलेली जोडी एकदा काट्यावर घ्यावी.

हुकाचा गोळा आणि त्यावर बसणारा ट्रेलरचा कप यांवर कोरलेलं माप एकच हवं. २ ५/१६ इंची कपात २ इंची गोळा बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात निसटतो. कपाचा खटका लावल्यावर जॅकने ट्रेलरची पुढची दांडी उचलावी. पिकअपचं बूड सोबत उचललं तरच कप नीट बसला. ट्रेलर पिकअपला जोडणाऱ्या साखळ्या दांडीखाली फुलीसारख्या घ्याव्यात. ट्रेलर सुटलाच तर ब्रेक लावणारी तार साखळीला नव्हे, पिकअपला अडकवावी.

जड घोडा इथे डावीकडे उभा करतात, कारण रस्ता उजव्या कडेला उतरता असतो. सोलापूर-पंढरपूर रस्त्यावर आपण डावीकडून चालतो, म्हणून जड घोडा उजवीकडे हवा.