कॅव्हनसाइटच्या नावात वाघोली कुठाय?

पुण्याहून नाशिकला जाताना सिन्नरला थांबायचं ते गोंदेश्वरासाठी, असा आमचा शिरस्ता. या वेळी आधी एमआयडीसीतल्या गारगोटी संग्रहालयात शिरलो आणि देवळाला पोचेस्तोवर उन्हं कलली.

कारण एकच, कॅव्हनसाइट नावाचं खनिज. स्टिलबाइट या दुसऱ्या, पांढऱ्या खनिजावर गडद निळे गोंडे. काचेला नाक लावून पाहिलं की एका बिंदूतून चहूकडे फुटलेल्या बारीक सुया दिसतात. जगातले सगळ्यात देखणे नमुने आपल्या पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतले. खडीसाठी काळा पाषाण फोडताना त्याच्या पोकळ्यांत हे घबाड सापडलं.

नाव मात्र अमेरिकेत पडलं. तिथल्या ओरेगन राज्यातल्या ओवायही धरणापाशी ते पहिल्यांदा मिळालं. १९७३ मध्ये बारसं करताना कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांची आद्याक्षरं जोडून मोकळे झाले. इतक्या सुंदर खड्याला सरकारी योजनेसारखं नाव!

पण तीच अक्षरं सोडवत बसलो आणि राग जरा निवळला. कॅल्शियम आलं लॅटिन ‘कॅल्क्स’वरून, म्हणजे चुना. व्हॅनेडियमच्या क्षारांचे रंग पाहून स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ सेफस्ट्रॉम याने १८३० मध्ये त्या धातूला व्हॅनाडिस, अर्थात फ्रेया या नॉर्स सौंदर्यदेवतेचं नाव दिलं. समोरचा निळा रंगही तिचीच कृपा. आणि सिलिकॉन? लॅटिन ‘सिलेक्स’, ठिणगी पाडणारा दगड. म्हणजे आपली गारगोटीच की! संग्रहालयाच्या पाटीवरचा शब्द असा आडवाटेने आतल्या खड्याच्या नावात येऊन बसलाय.

शेजारच्या दालनभर झिओलाइट. हे खनिजांच्या एका कुळाचं नाव, १७५६ चं, स्वीडिश खनिजतज्ज्ञ क्रोनस्टेटने दिलेलं. त्याने फुंकनळीच्या ज्योतीत दगड तापवला, तर तो उकळल्यासारखा फसफसला. स्फटिकात अडकलेलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत होतं. ग्रीक ‘झेओ’ म्हणजे उकळणं, ‘लिथोस’ म्हणजे दगड. बघितलं ते सांगितलं, उगाच अलंकार नाहीत. मला असली नावं आवडतात.

पुण्याचं नावही एका खनिजाला मिळालं होतं बरं का. १८३१ मध्ये ब्रूक या इंग्रज खनिजतज्ज्ञाने इथल्या एका नमुन्याला ‘पूनालाइट’ म्हटलं. पुढे ते वेगळं खनिज नाहीच असं ठरलं आणि नाव रद्द झालं. पुणेकर म्हणून हे जरा लागलंच.