१७९८ चा लहान गरुड

फिलाडेल्फियाजवळ एका छोट्याशा कॉइन शॉपमध्ये काम करतोय, सात वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात एक आजी आल्या, ऐंशीच्या पुढच्या, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. नवरा वारला, त्याच्या कपाटात हे सापडलं म्हणाल्या. बहुतेक किरकोळ नाणी होती पण तळाला रुमालात गुंडाळलेले चांदीचे दोन मोठे डॉलर, एक १७९६ चा, एक १७९८ चा.

१७९६ चा एकदम चकचकीत, कुणाचीही नजर आधी त्यावरच जाईल. उलटा केला तर मागे छातीवर ढाल आणि पंजात बाण घेतलेला मोठा गरुड. तिथेच खटकलं, कारण डॉलरवर हा गरुड आला १७९८ मध्ये, त्याआधी ढगावर उभा असलेला बारीक अंगाचा लहान गरुड असायचा, भोवती पानांची माळ (मला विचाराल तर तोच जास्त देखणा, मोठा म्हणजे सरकारी शिक्का वाटतो). मग कड बघितली, नुसत्या उभ्या रेघा. त्या काळच्या डॉलरवर किंमत पुढेमागे कुठेच नसायची, ती कडेवर अक्षरांत असायची, 'हंड्रेड सेंट्स वन डॉलर ऑर युनिट'. म्हणजे विषय संपला, नाणं खोटं.

आता दुसरा. काळपट, झिजलेला, आणि मागे लहान गरुड. पुढच्या बाजूला लूप, म्हणजे डोळ्याला लावायचं छोटं भिंग, लावून चांदण्या मोजल्या तर पंधरा! १७९८ म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर तेरा चांदण्या आणि मोठा गरुडच येतो. आधी पंधरा राज्यं म्हणून पंधरा चांदण्या होत्या, १७९६ ला टेनेसी आलं तशा सोळा केल्या, मग टांकसाळीच्या लक्षात आलं की प्रत्येक राज्यामागे एक वाढवत गेलो तर जागाच उरणार नाही, म्हणून मूळच्या तेरावर आले. मग ९८ सालच्या नाण्यावर पंधरा कशा? 'आजी, दोन्ही खोटी आहेत' हे अगदी ओठांवर आलं होतं.

तरी सवयीने कड फिरवली आणि अक्षरं दिसली. झिजलेली, पण बोटाला लागत होती. मग केसांच्या बटांवर लूप नेला तर बारीक समांतर ओरखडे, कानशीचे. छापायच्या आधी चकती जड भरली की तेव्हा कानशीने घासून वजनात आणायचे आणि छाप बसला तरी त्या रेघा कधीकधी राहून जायच्या. हात थरथरायला लागले माझे. वजन २६.७ ग्रॅम, मूळ २६.९६ असतं, म्हणजे झीज धरून बरोबर. पाण्यात तोलून घनता काढली, १०.३ च्या आसपास, साधारण ८९ टक्के चांदी आणि बाकी तांबं असलं की तेवढीच येते.

मालकांना आतून बोलावलं, ते दहा मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेव्हा डायवर, म्हणजे नाणं छापायच्या पोलादी ठशावर, एकेक चांदणी हाताने ठोकायचे, पोलाद जपून वापरायचे, चालतोय तोवर जुना डाय कोण टाकून देणार?" ९८ साली लहान गरुडही निघाला आणि मोठाही, आणि लहानवाल्यात पंधरा चांदण्यांचा एक प्रकार आहेच. मी तो पुस्तकात वाचलेला होता, पण समोर आल्यावर आठवला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण माझ्या एका वाक्यावर आजींनी तो डबा तसाच बंद करून नेला असता.

आजींना सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, चकचकीत नाणं ते नातवंडांना खेळायला द्यायचे, काळ्याला मात्र कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

काळा डॉलर सर्टिफिकेशनला पाठवला, दीड महिन्यानी अस्सल म्हणून परत आला. आजींनी अजून विकलेला नाही. खोटा त्या त्याच दिवशी रुमालात बांधून घरी घेऊन गेल्या.