रोमिंगचा पॅक मिळतो हो, आधी सिम आपल्या नावावर पाहिजे

मी जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढायच्या, मशिनींचा फिटर. इकडे एप्रिलपर्यंत कापसाची आवक आटते, हिंगणघाटकडच्या जिनिंगा थंडावतात, आणि तिकडे टांझानियात मे महिन्यात खरेदी सुरू व्हायच्या आत मशिनी उभ्या करून द्यायच्या असतात. मग कधी झांबिया, कधी युगांडा. या लाइनीत नवीन आलेली पोरं सारखी विचारतात, "भाऊ, बाहेर गेल्यावर फोनचं कसं करता? किती जीबीचा पॅक मारता?" पॅकचं सांगतोच, पण माझं डोकं पॅकनं कधी खाल्लं नाही. ते खाल्लं आमच्या तालुक्याच्या मोबाइल कंपनीच्या गॅलरीनं, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

माझा हिशेब साधा आहे. डेटा कुठूनही घेता येतो, पण बँक, आधार, पीएफ, ट्रॅक्टरचं कर्जखातं हे सगळं एका भारतीय नंबरला बांधलेलं. त्याच्यावर ओटीपी आला नाही तर खिशात पैसे असून माणूस उघडा. म्हणून तो नंबर फोनमध्ये कायम जिवंत पाहिजे. माझ्या फोनला सिमचा ट्रे एकच, दुसरी सोय ईसिमची, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवायच्या सिमची. कापसाच्या मुलखात लोकल सिम प्लॅस्टिकचंच हाती येतं, तेव्हा ट्रे त्याच्यासाठी मोकळा ठेवायचा आणि भारतीय नंबर ईसिमवर न्यायचा, असं ठरवलं.

इथं गाडी फसली. नंबर बाबांच्या नावावर. मी आयटीआयला असताना घेतलेला, माझ्याजवळ तेव्हा धड कागद नव्हते. आमच्याकडे अर्ध्या गावाचे नंबर असेच बापाच्या नाही तर काकाच्या नावावर आहेत. गॅलरीतल्या पोरानं स्क्रीनकडं बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, मालक तुम्ही नाही. काकाजीले घेऊन या."

काकाजीले घेऊन या! एप्रिलचं ऊन, वावरात पऱ्हाट्या उपटणं चाललेलं, गावाहून यष्टी दोनच. तरी बाबा धुतलेलं धोतर नेसून आले. गॅलरी म्हणजे काचेचं दार, बंद पडलेला एसी, एक पोरगा, एक टॅब आणि बोटं घ्यायचं चिमुकलं यंत्र. बाबांनी अंगठा ठेवला. लाल दिवा. दुसरं बोट, लाल दिवा. पोरानं यंत्र शर्टाला पुसलं, बाबांना बोट ओलं करायला लावलं, मग कोरडं करायला लावलं. "काकाजी, जरा दाबून धरा." बाबांनी इतकं दाबलं की यंत्र टेबलावरून सरकलं. मागं रांगेत एक बाई लेकराला घेऊन उभी, तिला फक्त रिचार्ज पाहिजे होता.

शेवटी बाबाच वैतागले. "माह्या बोटाच्या रेघा पऱ्हाटीनं कधीच्याच खाल्ल्या बाप्पा. तुह्या मशिनीले काय दिसन?"

बोटं उमटत नसतील तर आधार कार्डाचा आणि माणसाचा जागच्या जागी फोटो काढूनही केवायसी होते. हे त्या पोराला ठाऊक होतं. पण त्याच्या टॅबवर तो पर्याय वरच्या साहेबानं उघडून द्यावा लागायचा आणि साहेब फोन उचलत नव्हता. हे त्यानं आम्हाला सांगितलं केव्हा? शेवटची यष्टी निघायच्या वेळी. पुढच्या खेपेला सर्व्हर डाऊन. त्याच्या पुढच्या खेपेला फोटो घेतला, तर स्क्रीन म्हणते डोळे मिचकवा. बाबा फोटोला बसले की पोलीस चौकीत बसल्यासारखे ताठ, पापणी हलेल तर शपथ. मी समोर उभा राहून टाळी वाजवली, तेव्हा दचकून मिचकवले.

नंबर माझ्या नावावर आला. नवीन सिम हातात पडलं, आणि पोरगा म्हणतो आता ईसिमसाठी याच नंबरवर मेसेज येईल, तो सांगा. मेसेज येईना. कसा येणार? सिम बदललं की २४ तास एसएमएस येतही नाही, जातही नाही, असा दूरसंचार विभागाचा २०२२ पासूनचा नियम आहे. कोणी परस्पर तुमचं सिम काढलंच तर लगेच ओटीपी घेऊन खातं साफ करू नये, यासाठी. नियम चांगला आहे, माझी काही तक्रार नाही. पण सिम देणाऱ्या माणसाला तो माहीत नसावा? म्हणजे एक दिवस थांबा, मग ईसिम करा, आणि ईसिम केलं की पुन्हा सिम बदललं म्हणून पुन्हा २४ तास. विमान तोंडावर, कंपनीनं दिलेल्या ट्रॅव्हल कार्डात पैसे टाकायला ओटीपी पाहिजे. वर्ध्याहून मुंबईच्या गाडीत बसलो तरी फोन मुका. भुसावळच्या आसपास पहिला मेसेज आला, तो कॉलर ट्यूनच्या ऑफरचा. इतका आनंद कॉलर ट्यूनचा कोणाला झाला नसेल.

तेव्हा हे काम तिकीट काढायच्याही आधी करा. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं, पण वापरता तो नंबर कोणाच्या नावावर आहे याची खात्री नसेल तर आजच घरातल्या मोठ्यांना विचारा. नंबर तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलायची (पोर्टिंग) असेल तर तेही लक्षात ठेवा : सिम बदलल्यावर ७ दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही, हा १ जुलै २०२४ पासूनचा नियम.

आता पॅक. आपल्या कंपन्यांचे रोमिंग पॅक दिवसाचे, दहा दिवसांचे, महिन्याचे असतात. 'इतके देश' अशी जाहिरात असते तिच्यावर जाऊ नका, देशांची यादी उघडून स्वतःचा देश शोधा. दुबई-सिंगापूरवाल्यांचं भागतं, आफ्रिकेचं नाव पुष्कळदा वेगळ्या यादीत आणि वेगळ्या भावात निघतं. मी मोठा पॅक घेतच नाही. भारतीय नंबरवर रोमिंग चालू, पण त्याचा डेटा रोमिंग बंद. माझ्या नंबरवर येणाऱ्या एसएमएसचे पैसे पडत नाहीत, ओटीपीचं काम तेवढ्यात होतं. येणाऱ्या कॉलचे मात्र पडतात. हे घरी नीट समजावून सांगा, नाही तर कोणीतरी तुरीचा भाव सांगायला फोन करेल आणि तो भाव तुम्हाला पडेल.

लोकल सिम पासपोर्टवर मिळतं. टांझानियात बोटाचे ठसे घेतात, माझे उमटतात. कोणत्या कंपनीचं घ्यायचं हे विमानतळावरच्या काउंटरला विचारू नका. ज्या गावात मशीन उभी करायची तिथल्या जिनिंगच्या चौकीदाराला विचारा. दार-एस-सलाममध्ये पळणारं नेट शिन्यांगाकडच्या जिनिंगमध्ये पळेलच असं नाही.

'ग्लोबल ईसिम' नावाचा प्रकार आठवड्याला एक देश बदलणाऱ्याला बरा. पण त्यात बहुतेक वेळा नुसता डेटा, नंबर नाही. शिवाय परदेशी सिम भारतात विकायला सरकारचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. ते नसल्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय ही असं ईसिम विकणारी ॲप इथल्या ॲप स्टोअरवरून काढायला लावली होती. घेणार असाल तर आधी परवान्याचं बघा, आणि घरच्या वायफायवर फोनमध्ये उतरवूनच निघा, कारण उतरवायलाच इंटरनेट लागतं.

दुबईला उतरून विमान बदलत असाल तर तिथल्या नेटवर व्हॉट्सॲप कॉल लागत नाही. आपल्या सिमचा रोमिंग डेटा आपल्या कंपनीतून फिरून येतो, त्यामुळे त्याच्यावर माझा लागला. एक दिवसाचा पॅक मी फक्त तेवढ्यासाठी मारतो, उतरल्या-उतरल्या बाबांना चेहरा दाखवायला.

प्रीपेडवाल्यांनी अजून एक बघा. रोमिंगचा पॅक नेहमीच्या रिचार्जवर चढतो. खालची व्हॅलिडिटी मधेच संपली तर वरचा पॅक असून नसल्यासारखा. परतीच्या तारखेच्या पुढं महिनाभर पुरेल असा रिचार्ज मारून निघा, कारण मशीन वेळेवर कधीच चालू होत नाही.