कोठ्याच्या तीन भिंती

आमच्या हिंगणघाटकडच्या भागात गोठ्याला कोठा म्हणतात, आणि शेतातल्या कोठ्याला भिंती असाव्यात असे सहसा कोणाला वाटत नाही. सागाच्या आठ खांबांवर टिना टाकल्या आणि झडीचा पाऊस आत येऊ नये म्हणून पश्चिमेला पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, कुड बांधला, की ढोरांची सोय झाली. शेवटची बैलजोडी विकल्यावर आमचा कोठा रिकामा पडला. ओसरीवर ग्राइंडर चालवून मी घरच्यांच्या सहनशक्तीचा पुरता अंत पाहिलेला असल्यामुळे, तीन बाजूंनी भिंती घालून तेथेच वर्कशॉप करायचे ठरले.

हिशेब सोपा होता. कोठा 30 बाय 18 फुटांचा, म्हणजे तीन बाजू मिळून 66 फूट. तीन फूट उंचीपर्यंत राखेच्या विटांची चार इंची भिंत घ्यायची, तर नऊशेच्या आसपास विटा लागणार. त्यावर टिना, आणि छपराखाली दीड फूट मोकळी फट. कारण उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर गेला की बंद टिनांची खोली भट्टी होते आणि वेल्डिंगचा धूरही कोंडतो.

चुकलो ते जमिनीत. पश्चिमेची भिंत मी घाईने फूटभर पायावर उभी केली आणि पहिल्याच पावसाळ्यात तिला कोपऱ्यापासून पायऱ्यापायऱ्यांनी, बोट जाईल एवढी भेग पडली. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, हे कपाशी पेरणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. तरी भिंत घालताना मी ते सोयीस्कर विसरलो. म्हातारे मिस्त्री भेगेत काडी घालून एवढेच म्हणाले, "भाऊ, मुरूम लागेपर्यंत खोदा लागते." सागाचे खांब मुरमापर्यंत गाडलेले होते, म्हणून तर इतकी वर्षे जागचे हलले नव्हते. मग ठिकठिकाणी चार-चार फूट खोदून, मुरमावर काँक्रीटचे ठोकळे बसवून, त्यांवर आडवे बीम टाकले. बीमखाली फुगणाऱ्या मातीसाठी थोडी पोकळी सोडली आणि भिंत जुन्या खांबांना कोठेही चिकटू दिली नाही.

गव्हाणीचे पुढचे लाकूड मात्र मी काढून टाकले नाही. बैलांच्या गळ्यांनी घासून घासून त्याची कड काचेसारखी गुळगुळीत झाली आहे, आणि दाव्यांनी पडलेल्या दोन खाचा अजून तशाच आहेत. आता ते कामाच्या टेबलाच्या पुढच्या कडेला आहे. त्यावर वाइस बसवताना ड्रिलचे पाते दोनदा तापून थांबले, इतका तो साग निबर आहे.

शेजारच्या वावरातला पोरगा पूर्वी कोठ्यातूनच सरळ विहिरीवर जायचा. जाताना एखादी काडी उचलायचा, दोन शब्द बोलायचा. आता तो वळसा घालून पूर्वेच्या मोकळ्या बाजूला येतो आणि तेथे थांबून टिन वाजवतो. "काकाजी, आत येऊ काय?"

त्या बाजूला 10 फुटांचे लोखंडी दार लावायचे आहे. पोळ्याच्या आधीच चौकट जोडून झाली, कब्जेही आणलेले आहेत, आणि दार अजून भिंतीला टेकूनच उभे आहे. घरच्यांना हा निव्वळ आळस वाटतो. तोवर वेल्डिंग मशीन रोज संध्याकाळी मोटारसायकलवर बांधून मी घरी आणतो, आणि सकाळी परत नेतो.