216 साखळ्या आणि एक पीळ

क्रोशाच्या स्कर्टचा अकरावा फेर नुकताच संपला होता. दोरा बारीक, मर्सराइज्ड म्हणजे प्रक्रिया करून चमकदार केलेल्या कॉटनचा, सुई 2 मिलिमीटरची, आणि कमरेपासून खाली गोल विणत जायचा नमुना. एका लाटेला 12 टाके, अशा 18 लाटा, म्हणजे सुरुवातीला पायाला 216 साखळ्या, एकात एक ओवलेले कड्यांसारखे टाके. त्या मी दोनदा मोजल्या होत्या. दर बाराव्या साखळीत रंगीत दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवला होता. ऑर्डरचं काम असलं की मोजण्यात मी कसूर करत नाही. एक टाका कमीजास्त झाला की पुढची प्रत्येक लाट सरकते.

माझ्याकडे शिकायला येणारी मुलगी समोरच बसली होती. सुईवरचा टाका पिनेत अडकवून मी काम तिच्या हातात दिलं आणि टेबलावर पसरून उंची मोजायला सांगितली. ती बराच वेळ ते नुसतं इकडून तिकडे सारत राहिली.

“काकू, हे सपाट बसत नाहीये.”

“लाटेची नक्षी आहे ती, थोडी उठणारच,” मी मान वर न करता म्हणाले.

“तसं नाही काकू. लाट सगळीकडे सारखी उठेल ना? हे एकाच जागी येतंय. इथे दाबलं की पलीकडे जातं.”

मी उठले. कमरेच्या काठावर, पहिल्या साखळीपाशी बोट ठेवलं आणि काठ न सोडता पुढे नेत गेले. पाचव्या-सहाव्या लाटेपर्यंत ठीक होतं. मग काठ बोटाखालून आत वळला, खांबांच्या, म्हणजे साखळीवर उभ्या विणलेल्या उंच टाक्यांच्या, खाली गेला आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा वर आला. पूर्ण एक वेढा. तिने दाबलं तिथे तो नाहीसा होत होता आणि हात उचलला की शेजारी उभा राहत होता. साखळीला पीळ होता, आणि तो तसाच ठेवून मी गोल जोडला होता.

तिने विचारलं, “म्हणजे ही मोबियसची पट्टी झाली का?”

विणणाऱ्या बऱ्याच जणी असंच म्हणतात, पण ते तसं नाही. मोबियस आणि लिस्टिंग या दोघा जर्मन गणितज्ञांनी 1858 मध्ये, एकमेकांना न विचारता, जी पट्टी मांडली तिला अर्धा पीळ असतो. तिला बाजू एकच आणि काठही एकच. आमच्या कामात असं झालं असतं तर कमरेच्या काठावरून निघालेलं बोट न उचलता अकराव्या फेराच्या काठावर पोचलं असतं. माझं बोट मात्र जिथून निघालं त्याच साखळीवर परत आलं. आमचा पीळ पूर्ण होता.

आणि पूर्ण पीळच जास्त फसवा. अर्धा असता तर पहिला फेर संपताना सुरुवातीचा खांब उलटा, पाय वर करून समोर आला असता, आणि तो कुणाच्याही नजरेतून सुटत नाही. पूर्ण पिळात सगळं सरळ जुळतं. शेवटचा खांब पहिल्याला नीट भेटतो, संख्या बरोबर येते, उलट-सुलट बाजू बरोबर येते. मी मोजत होते ते सगळं बरोबरच होतं. साखळी पडलीय कशी, हे मी पाहिलंच नव्हतं.

साखळी मुळात वळते. टाके घट्ट असले की ती स्वतःभोवती फिरते, आणि या बारीक दोऱ्यात तिची रुंदी ती किती! 70-72 सेंटिमीटरच्या घेरात एक वेढा पसरला, तर एका जागी पाहून काही कळत नाही. पहिले तीन-चार फेर उंचीला एवढेसे असतात की पीळ त्यांत सहज मावतो. उंची वाढली की मग कापड अडतं.

पहिल्याच फेराच्या शेवटी दिसलं असतं तर एकही टाका न उसवता निभावलं असतं, म्हणून तो क्षण मी तिला दोऱ्याच्या तुकड्यावर करून दाखवला. फेर बंद करायच्या आधी पहिल्या आणि शेवटच्या खांबाला जोडणारी तेवढी साखळीच असते. सगळे खांब एका दिशेला सरळ करत गेलं की पीळ त्या सांध्यात जाऊन बसतो, आणि साखळीतला पीळ कुणाला दिसत नाही. एकदा खांबाला खांब जोडला की वाट बंद. मग कितीही फिरवा, तो फक्त जागा बदलतो.

“कापून परत शिवता नाही येणार?” तिने विचारलं. लोकर असती तर मी विचार तरी केला असता. मर्सराइज्ड दोरा गुळगुळीत, कापला की टाके सुटत जाणार. दोन्हीकडे मशीनची शिलाई घालून ते धरता येतं, पण जाळीच्या नक्षीत ती शिलाई कायम दिसली असती. मी दुसऱ्याला देणार असलेल्या कपड्यात ते मला चालणार नव्हतं.

गिऱ्हाईक बाईंना फोन करून चार दिवस मागून घेतले. मग मी उसवत गेले आणि ती गुंडाळत गेली. 216 गुणिले 11, म्हणजे 2376 टाके. विणायला पाच संध्याकाळी लागल्या होत्या, उसवायला अर्धा तासही लागला नाही. वळ्यावळ्यांच्या त्या दोऱ्याची लडी करून ती भिजवून वाळत टाकली, आणि नवा गुंडा काढला.

साखळी या वेळी अडीचच्या सुईने घातली, म्हणजे सैल पडेल. सुरुवातीला 15 सेंटिमीटर दोरा मोकळा सोडला. आणि गोल जोडलाच नाही. पहिली ओळ सरळ, सपाट विणली. साखळी आणि खांब एकदमच विणत जायचीही पद्धत आहे, तिचा काठ छान ताणतो, पण हात बसला नसेल तर टाके लहानमोठे होतात, आणि मला हे तिच्या हातून करून घ्यायचं होतं.

खांबांची ओळ झाली की पट्टीला रुंदी येते, वर-खाली कळतं. ती टेबलावर मांडली, साखळीचा सगळा काठ आमच्या बाजूला, खांबांची डोकी पलीकडे. दोन्ही टोकं जवळ आणली, पहिल्या खांबाच्या डोक्यात स्लिप स्टिच, म्हणजे उंची न येणारा जोडटाका, घालून जोड घेतला. खाली, खांबाच्या उंचीएवढी फट राहिली. सोडलेला दोरा शिवणाच्या सुईत ओवून तिने ती दोन टाक्यांत मिटवली. मग मी न सांगताच तिने काठावर बोट ठेवलं आणि पूर्ण घेरभर फिरवलं. एकदा झाल्यावर उलट दिशेने पुन्हा.

“सरळ आहे, काकू.”

मी दुसरा फेर सुरू केला.