तुम्ही विचारलंत म्हणून: पाचच किलोमीटर तर राहिले होते

हो, पाचच राहिले होते. नेमकं सांगायचं तर पाच किलोमीटर आणि १९५ मीटर, कारण पेडर रोडवरचा ३७ चा बोर्ड मागे टाकल्यावर लगेच जो मेडिकलचा तंबू लागला त्यात मी जाऊन बसले ती बसलेच. १५ जानेवारी २०२३, मुंबई मॅरेथॉन, माझी पहिली फुल, म्हणजे पूर्ण ४२ किलोमीटर १९५ मीटरची. तेव्हापासून सोसायटीत, ऑफिसात, ठाण्यात तलावपाळीला कुणी भेटलं की हाच प्रश्न. "अगं, सदतीस पळलीस, मग पाच चालत गेली असतीस तरी झालं असतं, वेळ होता की हातात." होता वेळ, भरपूर होता. मी आजवर प्रत्येकाला एका वाक्यात उत्तर देऊन मोकळी झालेय, "डॉक्टरांनी सोडलं नाही." ते उत्तर खरं नाहीये, म्हणून आज सगळं लिहितेय.

आधी एक सांगते. तयारी कमी पडली असं कुणी म्हटलं की मला अजूनही राग येतो. दोन हाफ, म्हणजे अर्ध्या मॅरेथॉन, झाल्या होत्या, त्यांच्या टायमिंगवरच फुलमध्ये नाव लागलं होतं. जूनपासून दर शुक्रवारी पहाटे उपवनहून येऊरचा चढ, पावसातसुद्धा, आणि तोही पेडर रोड डोक्यात ठेवूनच, कारण मुंबईत तो चढ दोनदा येतो आणि दुसऱ्यांदा येतो तेव्हा पस्तीस किलोमीटर पायात असतात हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रविवारी लाँग रन. चार वाजता उठायचं, डब्याची तयारी आदल्या रात्री करून ठेवायची, नऊला घरी येऊन कुकर लावायचा. सेहेचाळीस वय, एक्कावन्न किलो वजन, तीन शिफ्ट असलेला नवरा, बारावीतली लेक. कुणावर उपकार केले नाहीत हे कबूल, पण हलगर्जीपणाही केला नाही.

चूक झाली ती वेगळ्याच ठिकाणी. नोव्हेंबरमध्ये हायवेनं घाटकोपरपर्यंत जाऊन परत असा ३० चा रन होता, त्यात मी पाणी कमी प्यायले आणि मुलुंडच्या आसपास पोटरीत असा गोळा आला की दुभाजकाला धरून उभी राहिले. दिवसभर डोकं ठणकत होतं. झालं, तेव्हापासून ग्रुपमधल्या प्रत्येकानं आणि घरच्या सगळ्यांनी पाणी पी, पाणी पी, एवढंच डोक्यात भरलं, आणि मीही ते भरून घेतलं. मीठ घे असं एकजण म्हणाला होता, मी सॉल्टच्या गोळ्या आणल्याही होत्या. त्या बीकेसीच्या एक्स्पोतून बिबसोबत, म्हणजे छातीवर लावायच्या नंबराच्या कागदासोबत, मिळालेल्या पिशवीत ठेवल्या आणि पिशवी घरीच राहिली.

त्या वर्षी संक्रांत नेमकी त्याच रविवारी आली होती. रात्री अडीचला उठून तिळगुळाच्या चार वड्या कमरेच्या पाऊचमध्ये टाकल्या, पळताना खायच्या एनर्जी जेलच्या शेजारी. पहाटेची स्पेशल लोकल पकडली, कल्याणकडून आलेली, सगळा डबा पळणाऱ्यांचा, व्हॅसलीन आणि बामचा वास, आणि भायखळा येईपर्यंत मी लिटरची बाटली संपवली होती. सुरुवात छान झाली. मरीन ड्राइव्हला गार वारा, पेडर रोडचा पहिला चढ कधी आला आणि कधी गेला कळलंही नाही. सी लिंकवर तांबडं फुटत होतं आणि शेकडो बुटांचा एकच आवाज येत होता, बाकी काही नाही, कुणी बोलत नव्हतं. तो आवाज माझ्या कानात अजून आहे. माहीम, मग शिवाजी पार्क, सिद्धिविनायक. ठरलेल्या वेळेत नेणारा पेसर असतो ना, त्यातल्या पावणेपाच तासांच्या पेसरच्या मी जरा पुढे होते. आणि प्रत्येक स्टेशनला छोटी बाटली घेत होते, तहान असो नसो, कारण नोव्हेंबर आठवत होता.

वरळीच्या पुढे अंगठी रुतायला लागली. मला वाटलं उन्हानं. घड्याळाचा पट्टा एक घर सैल केला, थोड्या वेळानं आणखी एक घर. मळमळत होतं. हाजी अलीच्या आसपास मागून सायरन आला, मोटारसायकली, आम्हाला कडेला घेतलं आणि एलिट पुरुष, म्हणजे जिंकायला आलेले अव्वल धावपटू, पुढे निघून गेले. आम्ही निघाल्यावर दोन तासांनी निघालेली माणसं. त्यातलाच इथिओपियाचा हायले लेमी त्या दिवशी २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांत जिंकला, कोर्स रेकॉर्ड झालं ते. बाजूचे सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या, आणि तळवे एकमेकांवर आपटले तेव्हा ते माझे नाहीत असं वाटलं, पोळी फुगते तसे टम्म झाले होते.

मग तो चढ. येऊर करून करून ज्याची भीती घालवली होती तो चढ. पायांचं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते, पाय चालत होते. डोकं चालत नव्हतं. दोन्ही बाजूला तिथले रहिवासी उभे, कुणी संत्र्याच्या फोडी देतंय, कुणी चिक्की, एका लहान मुलीनं "काकू, तिळगूळ घ्या" म्हणून हात पुढे केला आणि मला तिला काय उत्तर द्यायचं ते आठवेना. गोड गोड बोला, एवढंच. जन्मभर म्हटलेलं वाक्य. मी तिच्याकडे बघत उभी राहिले, तिची आई म्हणाली, "मॅडम, बरं वाटत नाहीये का?" तिथून ३७ चा बोर्ड दिसत होता. बोर्डापर्यंत गेले आणि तंबूत शिरले.

डॉक्टर अगदी तरुण होता, माझ्या भाच्याएवढा असेल. नाव विचारलं, ते सांगितलं. घरच्या कुणाचा नंबर सांगा म्हणाला. मी धडाधड नंबर सांगितला, आणि व्हॉलंटियर मुलगी मोबाइलवर आकडे दाबता दाबता थांबली, "मॅडम, हे सातच आकडे आहेत." तो डोंबिवलीच्या आमच्या जुन्या घरचा लँडलाइन होता. ते घर विकून वीस वर्षं झाली, बाबा गेले, फोन तर त्याआधीच परत केलेला. मुलीनं माझं बिब उलटून बघितलं, मागे इमर्जन्सी नंबर आणि रक्तगट लिहायला जागा असते ना, ती कोरी. आदल्या रात्री तिळगूळ आठवणीनं भरला आणि हे दोन ओळींचं लिहायचं राहिलं.

डॉक्टरनं किती पाणी प्यायलात विचारलं. मी बाटल्या मोजून सांगितल्या. तो म्हणाला आता पाणी अजिबात नको, आणि खारट काहीतरी दिलं, सूप होतं की काय होतं. बीपी बघितलं, बोटं दाबून बघितली. आणि मग जे म्हणाला ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तो म्हणाला, "अर्धा तास बसा मॅडम, मग बघू. बरं वाटलं तर हळूहळू चालत जाता येईल."

म्हणजे दार उघडं होतं.

दहाएक मिनिटांनी डोकं जरा निवळलं, नवऱ्याचा नंबर आठवला, तो आझाद मैदानापाशी उभा होता, त्याच्याशी बोलले. आणि फोन ठेवल्यावर मी बिबच्या पिना काढायला लागले. मला कुणी सांगितलं नव्हतं. वरच्या दोन निघाल्या, खालची एक निघाली, चौथी सुजलेल्या बोटांनी उघडेचना, नख वाकलं, तेव्हा मी त्या मुलीला म्हटलं तू काढ. ती म्हणाली, "नक्की? अजून वेळ आहे तुमच्याकडे." मी म्हटलं, काढ. तिनं काढली, चारही पिना एकीत एक अडकवून माझ्या हातावर ठेवल्या. बाहेर लोक "चलो चलो, बस पाच किलोमीटर" ओरडत होते आणि मला आतून इतकं मोकळं वाटलं की मी डोळे मिटून घेतले.

माझी सगळी अडचण त्या मोकळं वाटण्यात आहे. ते आजारी शरीराचं होतं की कंटाळलेल्या मनाचं? मी नंतर पुष्कळ वाचलं. जास्त पाणी प्यायल्यानं रक्तातलं सोडियम उतरतं, मेंदूला सूज येऊ शकते, माणूस दगावूही शकतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये डॉक्टरांनी ४८८ जणांचं रक्त तपासलं होतं, १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. पळताना वजन वाढणं आणि चार तासांपेक्षा जास्त वेळ लागणं, ही त्यातली मोठी कारणं. त्याच शर्यतीत एक अठ्ठावीस वर्षांची मुलगी त्यानं गेली. हे सगळं वाचून मी ऑफिसात, नातेवाइकांत सांगत सुटले की माझं सोडियम उतरलं होतं. पण माझं रक्त तपासलंच नव्हतं त्या दिवशी. संध्याकाळी आमच्या डॉक्टरांकडे गेले तोवर सूज ओसरली होती, ते म्हणाले असू शकेल. असू शकेल, एवढंच माझ्या हातात आहे. अंगठी, सात आकडी नंबर आणि असू शकेल.

आणि लपवताही येत नाही हो. शर्यतीच्या ॲपवर सगळ्यांना दिसतं. लेक घरी मोबाइल घेऊन बसली होती, रस्त्यावरच्या वेळ नोंदवणाऱ्या प्रत्येक मॅटवर माझी वेळ येत होती, ३५ ची आली, मग ४० ची यायची ती आलीच नाही. तासभर ती रिफ्रेश करत होती. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी आधीच "३५ डन, लवकरच फिनिश" असं टाकून ठेवलेलं. पुढे रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू, म्हणजे रोज एका घरी वाण घ्यायचं आणि पाचच राहिले होते ना हे ऐकायचं. बायका मायेनं विचारत होत्या, मला कळतं ते. तिथे कोण सांगणार की मीच पिना काढल्या. "डॉक्टरांनी सोडलं नाही" म्हटलं की विषय संपायचा.

तुमच्यापेक्षा जास्त मला माझंच जुनं बोलणं टोचतं. त्याच्या काही वर्षं आधी ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनला, ऑगस्टच्या धो धो पावसात, ग्रुपमधली एक मैत्रीण सतराव्या किलोमीटरला गुडघा धरून खाली बसली होती. मी तिला उठवलं. "सोडायचं नाही, चालत ये, लंगडत ये, पण सोडायचं नाही." तिचा हात धरून शेवटपर्यंत आणलं, मेडलसोबत फोटो काढला. तो गुडघा पुढे कितीतरी महिने दुखत राहिला, ती आता फक्त चालते. तिनं मला कधी बोल लावला नाही. पेडर रोडनंतर तीच एकटी अशी होती जिनं मला काहीच विचारलं नाही, घरी आली, गूळपोळी ठेवली आणि लेकीच्या परीक्षेचं बोलत बसली. मी तिला त्या दिवशीच्या पावसाबद्दल सॉरी म्हणायला हवं होतं, जीभ वळली नाही. हे ती वाचेल बहुतेक.

तेव्हाच्या मला वाटायचं की सोडणारा मनानं सोडतो, शरीर नंतर सोडतं. आता मी म्हणते की बाई, तुला तुझ्या बापाचा बंद पडलेला फोन नंबर आठवत होता आणि नवऱ्याचा आठवत नव्हता, त्याला मनाचा कमकुवतपणा म्हणतात का? की ती तेव्हाची मी म्हणते, पण दहा मिनिटांनी आठवला ना, अर्धा तास का नाही थांबलीस? याला माझ्याकडे उत्तर नाही. अर्धा तास थांबले असते आणि मग उठता आलं नसतं तर माझं मला कळलं असतं. ते कळू नये म्हणूनच मी घाई केली, असं मला काही रात्री वाटतं. काही रात्री वाटतं की जिवंत आहे, चपात्या लाटतेय, पुरे.

आणि तुमचा नेहमीचा दुसरा प्रश्न, पुन्हा करणार का. शुक्रवारचं येऊर चालू आहे. पाणी तहान लागली की पिते, सॉल्टच्या गोळ्या आता बुटांच्या आत ठेवते, म्हणजे विसरायची सोय नाही. दरवर्षी रजिस्ट्रेशन उघडलं की फॉर्म भरायला बसते. इमर्जन्सी नंबरच्या चौकटीत नवऱ्याचा नंबर न बघता टाकते, त्याखाली लेकीचा टाकते. गेल्या वेळी पेमेंटच्या पानापर्यंत पोचले होते, लेक मागे उभी होती, ती म्हणाली, "भर की." मी म्हटलं, उद्या भरते.