निरंक

अधिवेशन सुरू झालं की आमच्या कार्यालयात कोणी रजेचा अर्ज टाकत नाही. 'एलएक्यू' कधी येऊन पडेल याचा नेम नसतो. विधिमंडळातल्या तारांकित प्रश्नाला, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाला, महसूल खात्यात सगळे एलएक्यूच म्हणतात. ठाण्यातल्या एका महसूल कार्यालयात मी अव्वल कारकून आहे, दाखल्यांचं संकलन, म्हणजे टेबल, माझ्याकडे. सदस्यांनी प्रश्न कितीतरी आधी दिलेला असतो. पण विधानभवनातून मंत्रालय, मग बेलापूरचं कोकण भवन, मग जिल्हाधिकारी कार्यालय असा उतरत तो आमच्या टेबलावर येतो, तेव्हा वर लाल शाईत एवढंच असतं: 'अत्यंत तातडीचे, आज सायंकाळी ५ पर्यंत.'

त्या पावसाळी अधिवेशनातला प्रश्न येऊरच्या पाड्यांबद्दल होता. ठाणे शहरातील आदिवासी पाड्यांवरील रहिवाशांना जात प्रमाणपत्रे विहित मुदतीत मिळत नाहीत, हे खरे आहे काय? असल्यास, किती अर्ज प्रलंबित आहेत? असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? प्रश्नांचा साचा ठरलेला असतो, उत्तरांचाही. मी पोर्टलवरून अहवाल काढला. मुदतीबाहेर प्रलंबित अर्ज शून्य. तक्त्यात 'निरंक' लिहिलं, सही घेतली आणि पाठवून दिलं. वरून उत्तर तयार झालं: '(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.'

यात एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि हेच मला आजही टोचतं.

प्रश्न चर्चेला आला त्या दिवशी सकाळी नायब तहसीलदार मॅडमच्या मोबाइलवर आम्ही चौघे सभागृहाचं थेट प्रक्षेपण बघत होतो. मंत्र्यांनी छापील उत्तर दिलं. प्रश्न विचारणाऱ्या सदस्या उपप्रश्नाला उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही की कागद फडकवले नाहीत. म्हणाल्या, "अध्यक्ष महोदय, प्रलंबित अर्ज नाहीत हे मला मान्य आहे. त्रुटी काढून परत पाठवलेले अर्ज किती आहेत, आणि एकाच माणसाला किती वेळा परत पाठवलं, एवढंच मंत्रिमहोदयांनी सांगावं."

माझ्या हातापायातलं बळच गेलं. ज्यांनी हा प्रश्न विचारला, त्या स्वतः पाड्यावर जाऊन बसलेल्या असणार, लोकांच्या पिशव्यांतल्या पावत्या एकेक करून बघितलेल्या असणार. कारण अर्ज त्रुटीत परत गेला की आमच्या प्रलंबित यादीतून तो निघून जातो. माणसानं पुन्हा अर्ज भरला की दाखला देण्याची ४५ दिवसांची मुदत पहिल्यापासून. ठरलेल्या मुदतीत सेवा द्यायला लावणारा लोकसेवा हक्क कायदा २०१५ सालचा. त्यात अपील आहे, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड आहे. पण अपिलात जायचं तर हातात नकार हवा, नाही तर मुदत तरी उलटायला हवी. त्रुटीत फिरणाऱ्याच्या हाती यातलं काहीच लागत नाही.

मंत्री म्हणाले, माहिती घेऊन पटलावर ठेवण्यात येईल. दहा मिनिटांत आमचा फोन वाजला.

त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच राहिला. पोर्टलवर 'परत पाठवलेले' अशी वेगळी बेरीज आयती मिळेना, म्हणून आम्ही अर्ज एकेक उघडून नावं वहीत उतरवत होतो. तिसऱ्या पानावर एक नाव दुसऱ्यांदा आलं. मग पाचव्यावर, मग आठव्यावर. येऊरच्या एका पाड्यावरचे वारली बाबा, नातीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी आधी स्वतःचा दाखला काढायला आलेले. चार अर्ज, चार शेरे. पहिल्यावर '६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा नाही' (अनुसूचित जमातींची यादी जाहीर झाली ती ही तारीख). दुसऱ्यावर 'प्रतिज्ञापत्र विहित नमुन्यात नाही'. तिसऱ्यावर 'शाळेच्या दाखल्यात जातीच्या रकान्यात फक्त हिंदू अशी नोंद'. चौथ्यावर पुन्हा पहिलाच, अक्षरशः तोच. चारही शेऱ्यांखाली माझी आद्याक्षरं.

पाडा जंगलात, जमीन वनखात्याची. सातबारा कुठून आणायचा? १९५० च्या आधी त्यांच्या घरात शाळेत कोण गेलं होतं? असा कागद नसेल तर तलाठ्यानं पाड्यावर जाऊन गृहचौकशी करावी, पंचनामा करावा, जाणत्या माणसांचे जबाब घ्यावेत. हा मार्ग मला पाठ होता. पण त्याला तलाठी लागतो, दिवस लागतो. शेरा मारायला अर्धा मिनिट पुरतो आणि मुदतीचा आकडाही स्वच्छ राहतो.

रात्री साडेआठला तक्ता तयार झाला. साहेबांनी विचारलं, "मॅडम, हा शेवटचा रकाना मागितलाय का आपल्याला?" तो रकाना होता 'गृहचौकशी केली काय?' आणि खाली सगळीकडे 'नाही'. मी म्हटलं, "रावसाहेब, मागितला नाहीये. पण उद्या हाच विचारतील." ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले, मग त्यांनी सही केली. त्या सहीसाठी मला त्यांच्याबद्दल कायम आदर राहील.

पुढे हिवाळ्यात विधिमंडळाची अनुसूचित जमाती कल्याण समिती जिल्ह्याच्या दौऱ्यावर आली. त्याच सदस्या समितीवर होत्या. सभागृहात त्यांच्या वाट्याला दोन मिनिटं येतात, इथे दोन तास. समितीच्या बैठकीत कॅमेरा नसतो, पत्रकार नसतात, त्यामुळे कोणाला भाषण करायचं नसतं. कागद समोर ठेवून नुसते प्रश्न. लोकांना आमदार टीव्हीवर ओरडताना दिसतात, हे काम दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. त्यांच्यापुढे आमचाच तक्ता होता, कडेला पेन्सिलीच्या खुणा केलेला.

"हा शेवटचा रकाना कोणी वाढवला?"

साहेबांनी मागे बघितलं. मी उभी राहिले. आता बोलणी बसणार असं वाटलं.

"बाई, हा दरमहा भरता येईल का तुम्हाला?"

"येईल, ताई." सभेत 'सन्माननीय सदस्य' म्हणायचं असतं, तेवढं सुचलंच नाही.

त्यांनी ते समितीच्या टिपणात घ्यायला सांगितलं आणि पान उलटलं, पुढचा विषय आश्रमशाळांचा होता.

बाबांची गृहचौकशी त्याआधीच झाली होती. तलाठ्याबरोबर मीही येऊरला गेले होते. पाड्यावरच्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींनी जबाब दिला, अंगठा उठवला, आणि पंचनामा दीड तासात संपला. बाबांच्या हाती दाखला पडला. नातीचा त्या वर्षीचा प्रवेश मात्र हुकला होता. तिनं तो पुढच्या वर्षी घेतला. आता तिची जात पडताळणी, म्हणजे दाखला खरा आहे का याची वेगळ्या समितीकडची तपासणी, सुरू आहे, आणि तो कागद आमच्या कार्यालयाच्या हातात नाही. बाबा कोर्ट नाक्यावर आले की वर येऊन विचारून जातात. मी पडताळणीच्या पावतीचा क्रमांक टाकून बघते आणि पोर्टलवर दिसतं तेवढं त्यांना वाचून दाखवते.